कारागीर-पट्टी आणि न पाडलेल्या भिंती

संपादकांनी कळवलं आहे की बांधकाम खात्यातल्या नोकरीबद्दल काहीतरी लिहा, एखादा पूल, एखादं धरण, संकटाचा प्रसंग वगैरे. पूल मी दोन बांधले. दोन्ही अजून उभे आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. धरण माझ्या वाट्याला आलंच नाही. माझ्या वाट्याला आली ती कारागीर-पट्टी, आणि तिच्यापायी उज्जैनला देवास गेटच्या पलीकडच्या खात्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या भिंती. त्यांच्याबद्दल आजवर कोणी विचारलं नाही. आता विचारलंच आहे तर ऐका.

मी ओव्हरसियर होतो. म्हणजे इंजिनिअरसाहेब कागदावर रेघ मारतात आणि मजूर ऊन खातात, त्या दोघांच्या मधे उभं राहून दोघांच्या शिव्या खाणारा माणूस. आमचं घराणं चार पिढ्यांपासून उज्जैनचं. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, तेव्हापासून घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी. बोलता बोलता एक दुसऱ्यात कधी मिसळते ते आमचं आम्हाला कळत नाही. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत बापडे.

देश स्वतंत्र झाला, संस्थानं गेली, मध्यभारत नावाचं राज्य झालं आणि एकदम सगळ्यांना सगळं बांधायचं होतं. शाळा बांधा, दवाखाना बांधा, सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी क्वार्टर बांधा. सिमेंट मिळेना, म्हणून काम चुन्यातच. पैसा थोडाफार होता, जमीन होती, ठेकेदार तर पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तसे उगवले होते. नव्हते ते कारागीर. जुने मिस्त्री म्हातारे झालेले, आणि नवीन जो येई तो दोन महिने विटा उचलून तिसऱ्या महिन्यात स्वतःला मिस्त्री म्हणवून घेई. एका शाळेची भिंत मी पाहिली आहे, तिला ओळंबा लावायची गरजच नव्हती. लांबूनच दिसत होतं की ती नमस्कार करते आहे.

ठेकेदाराला विचारावं की बाबा, माणसांना शिकवत का नाहीस? तर त्याचंही खोटं नव्हतं. तो म्हणे, मी सहा महिने खाऊ-पिऊ घालून एकाला तयार करायचं, आणि शेजारच्या ठेकेदाराने रोजी एक आणा जास्त देऊन त्याला पळवायचं. जो शिकवतो तो बुडतो आणि जो पळवतो तो मजेत. मग शिकवायचं कोणी? म्हणून कोणीही शिकवत नव्हतं आणि सगळे मिळून कारागीर नाहीत म्हणून गळा काढत होते.

यावर आमच्या खात्याने तोड काढली ती कारागीर-पट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी. ज्याला सरकारी काम मिळेल त्या प्रत्येक ठेकेदाराच्या बिलातून शेकडा आठ आणे कापायचे, ते वेगळे ठेवायचे, आणि त्यातून गवंडीकामाचा वर्ग चालवायचा. सगळ्यांनी मिळून शिकवायचं, मग कोणाचा माणूस कोणीही पळवला तरी तो शिकलेलाच असणार. पट्टी भरणाऱ्याने दर बॅचला आपले दोन कामगार पाठवायचे, चार महिने शिकवायचे, अर्धी मजुरी पट्टीतून. शेवटी परीक्षा, आणि पास होणाऱ्याला दाखला. दाखला असला की सरकारी कामावर मिस्त्रीचा दर मिळणार. किती साधी गोष्ट! मला अजूनही वाटतं की याच्याइतकी शहाणपणाची योजना आमच्या खात्यात दुसरी निघाली नाही. ती चालवायला त्यांनी मला दिली, आणि तिथून माझ्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली.

पहिली तक्रार घेऊन आले बंसीलाल सेठ. हे आमच्याकडचे मोठे ठेकेदार. अंगाने भरलेले, बोलायला गोड, आणि आठ आणे कापले की आठ दिवस जेवण न जाणारे. रोज सकाळी महाकालाचं दर्शन, मग माझ्या टेबलासमोरची खुर्ची. त्यांचं म्हणणं असं की, राव साहब, हम चंदा देने से कब मना करते हैं, धर्मशाळेला देतो, गोशाळेला देतो, पण तिथे दगडावर नाव तरी कोरतात. मी त्यांना सांगितलं की सेठजी, हा चंदा नव्हे, ही पट्टी आहे. त्याचा पुण्याशी संबंध नाही. यावर ते फारच दुखावले. ज्यात पुण्यही नाही आणि नावही नाही अशा गोष्टीला माणसाने पैसे का द्यावेत, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

बरं, पट्टी कापली, आता माणसं पाठवा. सेठजींनी पहिल्या बॅचला कोणाला पाठवावं? आपल्या स्वयंपाक्याला! रामप्रसाद नाव त्याचं. विचारलं, तर म्हणे कामावरचे लोक कामावर आहेत, याचा हात सध्या भाजला आहे, तसाही बसून खातो. दुसरे पाठवले ते चौकीदार, डोळ्यांत मोतीबिंदू. बाकीच्या ठेकेदारांनीही हीच परंपरा पाळली. कोणी मेहुणा पाठवला, कोणी मुनीमजींचा दम्याचा भाऊ. जो कामावर नसला तरी चालेल तो वर्गात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि हेच लोक सहा महिन्यांनी मला विचारणार की तुमच्या वर्गातून चांगला मिस्त्री का निघत नाही.

शिकवायला मी उस्ताद करीमबख्श यांना आणलं होतं. साठीच्या पुढचे, पाठीत वाकलेले, पण त्यांच्या हातची भिंत सरळ. चुन्याची त्यांना नजर होती. बैलाच्या घाण्यातून मळून आलेला चुना ते चिमटीत घेत, बोटांवर घासत, आणि एकदा तर मी त्यांना जिभेला लावताना पाहिलं आहे. गंमत म्हणजे स्वयंपाकी रामप्रसादला हे सगळ्यात आधी जमलं. कणीक मळून मळून त्याच्या हाताला पाणी किती, हे कळत होतं. उस्ताद खूश. मीही खूश. पण रामप्रसाद मिस्त्री झाला तर सेठजींच्या घरी पोळ्या कोण करणार, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. सेठाणीने पुढे त्यावरून वर्षभर माझ्या नावाने बोटं मोडली.

आता भिंतींकडे येतो. गवंडीकाम फळ्यावर शिकवता येत नाही. भिंत बांधायची, ती चुकलेली दाखवायची, पाडायची, विटा साफ करायच्या, पुन्हा बांधायची. जगात सगळीकडे असंच शिकवत असतील. पट्टीच्या पैशातून मी एकाच वर्गापुरत्या विटा घेतल्या होत्या, त्याच पुन्हा पुन्हा वापरायच्या या हिशेबाने. पण उज्जैनमध्ये मुहूर्ताशिवाय माणूस शिंकतसुद्धा नाही, हे मी विसरलो. पहिली वीट ठेवायच्या आधी शिकाऊ मंडळींनी नारळ आणला, गूळ आणला, ओळंब्याला कुंकू लावलं. उस्तादांनी स्वतः हात वर करून दुआ मागितली आणि गूळ वाटला. मी गूळ खाल्ला. मला काय माहीत!

भिंत झाली. वाकडीच होती. मी म्हटलं, चला, पाडा. कोणी हलेना. पुन्हा म्हटलं. सगळे उस्तादांकडे बघायला लागले. उस्ताद मला बाजूला घेऊन गेले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले की साहब, ज्या भिंतीचा मुहूर्त झाला ती भिंत बांधणारा आपल्या हाताने पाडत नाही. रोजीला बट्टा लागतो. मी म्हटलं, अहो ही शिकाऊ भिंत आहे, हिला छप्पर नाही, दार नाही, हिच्यात कोणी राहायचं नाही! ते म्हणाले, वो आपको मालूम है, दीवार को थोड़ी मालूम है.

मग मुहूर्त करू नका, असा हुकूम मी काढला. तर कोणी वीट ठेवेना. बाहेरून पाडायला मजूर आणले. त्यांनी भिंतीवर वाळलेलं कुंकू पाहिलं, सब्बल, म्हणजे आपली पहार, खाली ठेवली आणि चहा प्यायला गेले ते आलेच नाहीत. शेवटी एका दुपारी मी स्वतः सब्बल उचलली. शिकाऊ मंडळी दूर जाऊन उभी राहिली. उस्तादांनी डोक्यावरची टोपी नीट केली, मयतीला करतात तशी. मी आठ-दहा घाव घातले. एवढी वाकडी भिंत, पण चुना उस्तादांच्या देखरेखीखाली मळलेला! एक टवका उडाला आणि माझ्या हाताला फोड आले. घरी आलो तर आमची ही म्हणाली, पाडायला जमत नसेल तर बांधायला तरी कशाला शिकवता?

मग काय, विटा नव्या घेत गेलो. दर बॅचला भिंती वाढत गेल्या. मी आपला एवढाच शहाणपणा केला की नवीन भिंत जुनीला जोडून बांधायला लावली, म्हणजे कोपरा कसा सांधायचा, खिडकीवर कमान कशी टाकायची, हे तरी शिकतील. बघता बघता आवारात एक बिनछपराचा भूलभुलैया तयार झाला. दुपारी त्यात बकऱ्या झोपत. बंसीलाल सेठ आपल्या आठ आण्यांचं काय झालं ते बघायला कधीमधी येत आणि भिंतींना हात लावून हळहळत. राव साहब, इतने में तो मेरा गोदाम बन जाता. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन.

पहिल्या बॅचच्या परीक्षेत माझ्या हातून एक चूक झाली होती, तीही सांगायला हवी. मोठे साहेब दौऱ्यावर यायचे होते, त्यांच्यासमोर निकाल दाखवायचा म्हणून मी भिंती बांधून झाल्यावर चौथ्याच दिवशी तपासल्या. ओला चुना काही बोलत नाही, सगळं सरळच दिसतं. रामप्रसाद पास, सगळेच पास, साहेबांच्या हस्ते दाखले. महिन्याभराने चुना सुकला तशी रामप्रसादच्या भिंतीला कोपऱ्यात चीर गेली. हात चांगला होता त्याचा, पण घाई केली होती, सांधा नीट भरला नव्हता. उस्तादांनी मला हाताला धरून त्या चिरेपाशी नेलं आणि माझं बोट तिच्यात घातलं.

मला फार लाज वाटली. त्या आठवड्यात मी स्वतः नियम लिहिला आणि मंजूर करून आणला. परीक्षेच्या भिंतीवर एकवीस दिवस पाणी मारायचं, चुना पुरता पिकू द्यायचा, मगच भिंत तपासायची आणि त्यानंतरच दाखल्यावर सही. त्याच्या आधी कोणाची सही नाही, मग साहेब येवोत नाहीतर साहेबांचे साहेब. या नियमाचा मला फार अभिमान होता. नोकरीत मी एवढी एकच गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली होती.

अशी काही वर्षं गेली. आणि मग शेवटच्या बॅचला बंसीलाल सेठनी गेंदाबाईला पाठवलं.

गेंदाबाई त्यांच्या कामावर रेजा होती. रेजा म्हणजे आमच्याकडे चुना-विटा डोक्यावरून वाहणारी बाई. घमेल्याला इकडे तगारी म्हणतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती भरलेली तगारी डोक्यावर घेऊन शिडीने वर जायचं आणि रिकामी घेऊन खाली यायचं. तिशीची असेल. राहायची भैरवगडच्या बाजूला, कापड छापणाऱ्या छिप्यांच्या वस्तीजवळ, तिथून रोज पायी. नवरा मिस्त्री होता, परांचीवरून पडून गेला होता. घरी सासू आणि दोन मुली. सेठजींनी तिला का पाठवलं? तर स्वयंपाकी गेला तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला होता की या वर्गात जो जातो तो शिकून येतो. म्हणून या वेळी असं माणूस शोधलं की जे शिकलं तरी त्याचा उपयोग होऊ नये. मला म्हणाले, तुमच्या नियमात 'कामगार' आहे, ही कामगार आहे, घ्या. आणि हसले. मी नियम काढून पाहिला. बाई नको, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. घेतली.

बाकीच्यांनी पहिले आठ दिवस चेष्टा केली. तिने पदरातून नवऱ्याची करणी, म्हणजे गवंड्याची थापी, काढली. झिजून पानाएवढी राहिलेली. आणि वीट लावायला लागली. सात-आठ वर्षं ती मिस्त्र्यांच्या पायाशी तगारी ठेवत आली होती, आणि प्रत्येक वेळी दोन क्षण थांबून बघत आली होती, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं? तिला शिकवायचं असं फारसं काही नव्हतंच. हात फक्त मोकळे व्हायचे होते. उस्ताद तिच्या थरांवरून ओळंबा सोडत आणि काही न बोलता पुढे जात. दुसऱ्यांपाशी ते बोलत, म्हणजे शिव्या देत. न बोलणं ही त्यांची शाबासकी होती.

एकदा मी तिला विचारलं की बाई, दाखला मिळाल्यावर काय करणार? मला वाटलं, मजुरी वाढेल, मुलींचं होईल, असं काही सांगेल. ती म्हणाली, "साब, सिर से तगारी उतरेगी."

पुरुषाला दाखला नसला तरी चालून जातं. करणी घेऊन उभा राहिला की लोक त्याला मिस्त्री म्हणतात, मग भिंत नमस्कार का करेना. बाईच्या हातात कागदाशिवाय कोणी करणी देणार नव्हतं. तिलाही ते माहीत होतं आणि मलाही.

ते साल राज्यपुनर्रचनेचं. वर्तमानपत्रात रोज नकाशे. आमचं मध्यभारत जाणार, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून मोठं मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नाही. कोणाची बदली रायपूरला, कोणाची कुठे, सगळे आपापली बिऱ्हाडं मोजत बसलेले. आमच्या हिला तर वेगळाच राग. अमावस्येच्या तोंडावर कोणी राज्य जन्माला घालतं का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. मी म्हणे, राज्य बदललं तरी चुना तोच, विटा त्याच, वर्ग चालूच राहणार. परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी सुरू करायची असं मी ठरवलं होतं. एकवीस दिवस धरूनही ऑक्टोबरात सगळं आटोपलं असतं.

पण सप्टेंबरच्या शेवटी पितृपक्ष! पितरांच्या पंधरवड्यात नवीन भिंतीची वीट कोण ठेवणार? मी हात जोडले, ओरडलो, हजेरी कापायची धमकी दिली. अहो, तुमच्या पितरांना काय पडलंय तुमच्या परीक्षेचं! उस्तादांकडे गेलो, म्हटलं तुम्ही तरी सांगा, तुमच्यात पितृपक्ष नाही. ते म्हणाले, माझ्यात नाही, पण वीट यांना लावायची आहे. गेंदाबाई एकटी तयार झाली होती, हे मला खूप नंतर कळलं. ती उस्तादांना म्हणाली होती की माझे पितर समजून घेतील. पण बाकीचे सुरू करत नाहीत तर एकटीची परीक्षा कशी घ्यायची, म्हणून उस्तादांनी मला सांगितलंच नाही.

घटस्थापनेला नारळ फुटले. दसऱ्याला भिंती उभ्या राहिल्या. आणि मी कॅलेंडरावर बोट ठेवून मोजलं तर एकवीस दिवस भरत होते नोव्हेंबरच्या चार तारखेला. राज्य बदलत होतं एक तारखेला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आवारात आले. भले गृहस्थ. म्हणाले, जुना शिक्का आज संध्याकाळी पेटीत बंद होणार. दाखले आणा, सही करा, शिक्का मारून टाकतो. भिंती आज तपासा, नाहीतर भिंती बांधल्याची तारीख चार दिवस मागे ओढा, कोण बघतंय? मी उस्तादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नियम आपका है, साहब. चूने ने तो गजट नहीं पढ़ा."

गेंदाबाई आपल्या भिंतीवर पाणी मारत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मडकं खाली ठेवून म्हणाली, "साब, दीवार नी पड़ेगी. लिखी दो."

मला ते दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं की ती भिंत पडणार नाही. पण माझ्या बोटाला ती रामप्रसादच्या भिंतीची चीर आठवली, आणि माझा तो नियम, आणि माझी ती अक्कल! न पिकलेल्या चुन्याला मी पिकला असं लिहून देणार नाही, असं मी बडे बाबूंना ठणकावून सांगितलं. चार लोक ऐकत होते, त्यामुळे जरा जास्तच ठणकावलं. आणि तिला म्हणालो, "अगं बाई, चार दिन की बात है. चार दिन में क्या होता है?"

चार दिवसांत जे झालं ते असं. राज्य गेलं. राज्याबरोबर ज्या हुकमाने पट्टी कापली जात होती तो हुकूम गेला. नव्या राज्यात तसा हुकूम नव्हता, म्हणून पट्टी नाही. पट्टी नाही म्हणून वर्ग नाही. वर्गच नाही तर परीक्षा कसली आणि दाखला कसला? चार तारखेला मी ओळंबा घेऊन भिंती तपासल्या, गुण लिहिले, कागद वर पाठवले, आणि उत्तराची वाट बघत बसलो. मग पत्रं सुरू झाली. मी लिहिलं, त्यांनी विचारलं की कोणती योजना. मी योजनेची नक्कल पाठवली, त्यांनी विचारलं की मूळ प्रत कुठे. मूळ प्रत कोणत्या तरी पेटीतून कुठेतरी गेली होती. दोनदा स्वतःच्या खर्चाने भोपाळला जाऊन आलो. तिथे ज्या टेबलावर जावं ते टेबल आदल्या आठवड्यात दुसऱ्या खोलीत गेलेलं. दीड वर्षाने उत्तर आलं की सदर परीक्षा योजना अस्तित्वात नसताना घेतली गेल्याने दाखले देता येत नाहीत. आता यात चूक काय काढायची? परीक्षा योजना नसतानाच घेतली होती. घेणारा मी होतो.

बाकीचे पास झालेले पुरुष केव्हाच कामाला लागले होते, करणी घेऊन, मिस्त्री म्हणून. पत्र आल्यावर मी भैरवगडला गेलो. गेंदाबाई कामावर होती. सासूला निरोप सांगितला. तिला तो कळला की नाही कोण जाणे. मला पाणी दिलं तिने.

आणि बंसीलाल सेठ? आठ आणे वाचले म्हणून त्यांनी मला मिठाई पाठवली. त्याच वर्षी कोणाच्या तरी मुलाला माझ्यासमोर सांगत होते की आजकाल चांगले कारीगर मिळत कुठे आहेत!

पुढे एकदा खात्याला सामानासाठी गोदाम हवं झालं. कोणा हुशार माणसाला आठवलं की देवास गेटपलीकडे भिंती तयारच आहेत, दोन-चार आडव्या काढा आणि वर छप्पर घाला. त्या आडव्या भिंती काढायला म्हणे बाहेरगावचे मजूर आणावे लागले. ठेका कोणाला मिळाला असेल? सेठजींनी माझ्याकडे बघून हात जोडले. म्हणाले, मी म्हणतच होतो ना! आणि खात्यातर्फे त्या कामावर देखरेख ठेवायची मी.

मी गेलो त्या दिवशी आतून गिलावा चालू होता. परांचीवर मिस्त्री रामप्रसाद. हो, तोच, स्वयंपाकी. दाखला होता ना त्याच्याकडे, चार दिवसांत तपासलेल्या भिंतीचा. सरकारी कामावर मिस्त्रीचा पुरा दर. माणूस चांगला, मला बघून वरूनच नमस्कार केला. ज्या भिंतीला तो गिलावा करत होता ती गेंदाबाईची परीक्षेची भिंत होती, ते त्याला माहीत नव्हतं. मला थर बघूनच कळलं. आणि त्याला माल पोचवायला खाली जी रेजा होती, ती गेंदाबाईच.

मला तोंड लपवायला जागा नव्हती. ती तगारी खाली ठेवून माझ्यासमोर आली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने भिंतीच्या अजून उघड्या राहिलेल्या तुकड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "साब, अब तो चूनो पाकी गयो होगो. अब नंबर दई दो."

थट्टा करत होती की खरंच मागत होती, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी पिशवीतून ओळंबा काढला. भिंतीला लावला. दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला धरून, कुठे केसभर फट नाही. हातोडीने ठोकून पाहिलं, दगडासारखा आवाज आला. मी म्हटलं, "पक गया, बाई." तिने मान हलवली, एखादं जुनं काम संपल्यासारखी.

तेवढ्यात वरून रामप्रसादने माल मागितला. ती वळली, तगारी भरली, चुंबळ नीट केली. भरलेली तगारी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, कोणीतरी दुसऱ्या बाजूने हात लावावा लागतो. आसपास दुसरं कोणी नव्हतं. मी हात लावला.